लंडनची काळी टॅक्सी : परवाना, व्हीलचेअर आणि वीज

भाड्याच्या घोडागाड्यांना परवान्याखाली आणणारा कायदा लंडनमध्ये 1654 साली, ऑलिव्हर क्रॉमवेलच्या राजवटीत झाला. पुढे 1850 मध्ये हे काम पोलिसांकडे आले आणि 2000 मध्ये ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’ या शहराच्या वाहतूक संस्थेकडे गेले. गाडी तपासणीला उभी करायची आणि अटींत बसली तरच धंद्याला लावायची, हा शिरस्ता मात्र सुटला नाही. मोटार टॅक्सीसाठी 1906 मध्ये ज्या अटी ठरल्या, त्यांत 25 फुटांत वळण्याची अट होती. तिच्यामुळे बाजारातली कोणतीही मोटार टॅक्सी म्हणून चालत नसे. त्या कामासाठी घडवलेलीच गाडी लागे. पुढच्या दोन मोठ्या सुधारणा, व्हीलचेअरची सोय आणि वीज, परवान्याच्या याच वाटेने आल्या.

विजेची टॅक्सी लंडनला नवी नव्हती. वॉल्टर बर्सी या तरुण अभियंत्याच्या विजेच्या टॅक्सी ऑगस्ट 1897 मध्ये रस्त्यावर आल्या. पिवळ्या-काळ्या रंगामुळे आणि मोटारीच्या गुणगुणण्यामुळे लोक त्यांना ‘हमिंगबर्ड’ म्हणत. परवाना मिळाला, पण अर्थकारण जमले नाही. बॅटरीच्या ओझ्याने टायर लवकर झिजत आणि देखभालीचा खर्च कमाईला पेलेना. 1899 मध्ये ही सेवा बंद पडली.

व्हीलचेअरचा प्रश्न त्याहून उशिरा ऐरणीवर आला. 1958 पासून धावणाऱ्या एफएक्स4 टॅक्सीत ऐसपैस जागा होती, तरी व्हीलचेअरवर बसल्या बसल्या आत जाण्याची सोय तिच्यात नव्हती. 1987 मध्ये आलेल्या मेट्रोकॅबमध्ये ती होती. 1989 पासून नव्याने परवाना मागणाऱ्या प्रत्येक टॅक्सीला ती सक्तीची झाली आणि एफएक्स4चाच सुधारित अवतार असलेली फेअरवे त्याच वर्षी आली. जुन्या गाड्या एकेक करून निवृत्त होत गेल्या आणि 2000 उजाडले तेव्हा लंडनची प्रत्येक काळी टॅक्सी व्हीलचेअर घेऊ शकत होती. अपंग प्रवाशासाठी वेगळी गाडी न ठेवता प्रत्येकच गाडी त्याला चालेल अशी केली, हे या निर्णयाचे खरे मोठेपण. त्याला रस्त्यावर हात करून समोर येईल ती टॅक्सी थांबवता येऊ लागली.

गाडी सोयीची असली तरी चालक थांबलाच नाही तर काय, हा प्रश्न उरत होता. समानता कायद्यातली संबंधित कलमे 6 एप्रिल 2017 पासून लागू झाली. व्हीलचेअरच्या प्रवाशाला नेणे, चढण्या-उतरण्यास मदत करणे आणि त्याबद्दल जादा भाडे न घेणे ही चालकाची कायदेशीर जबाबदारी ठरली. ती टाळल्यास 1,000 पौंडांपर्यंत दंड होतो. प्रकृतीच्या कारणाने चालकाला सूट मागता येते.

वीज परतली ती 1 जानेवारी 2018 रोजी. त्या दिवसापासून लंडनमध्ये नव्या डिझेल टॅक्सीला परवाना मिळणे बंद झाले. किमान 30 मैल धूर न सोडता धावण्याची क्षमता हवी, अशी अट आली. ही अट पुरी करणारी एक गाडी म्हणजे कॉव्हेंट्रीजवळच्या अँस्टी येथे बनणारी एलईव्हीसी टीएक्स. तिची चाके विजेवर फिरतात आणि बॅटरी उतरली की छोटे पेट्रोल इंजिन वीज पुरवते. दारातली फळी बाहेर ओढली की उतार तयार होतो. आधीच्या टॅक्सींत व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला मागे तोंड करून बसावे लागे. टीएक्समध्ये तो इतरांसारखा पुढे बघत जातो.

किंमत मात्र 55,000 पौंडांच्या वर होती. लंडनचे बहुतेक टॅक्सीवाले स्वतंत्र धंदा करणारे. एवढी रक्कम उभी करणे त्यांना सोपे नव्हते. म्हणून ब्रिटिश सरकारने टॅक्सीमागे 7,500 पौंडांपर्यंत अनुदान ठेवले. धूर कमी असणे त्यासाठी पुरेसे नव्हते, व्हीलचेअरची सोयही लागे. विजेच्या नादात आधीची कमाई हातची जाऊ नये यासाठी ही अट फार मोलाची होती. जुन्या डिझेल टॅक्सीचा लंडनमधला परवाना कायमचा सोडणाऱ्यांना शहराच्या निधीतून वेगळी मदत मिळाली. 2019 मध्ये तिची कमाल मर्यादा 10,000 पौंडांवर नेली गेली. केंद्राचे अनुदान मात्र 2024 मध्ये 6,000 पौंडांवर आले.

फोनवर किंवा ॲपवर ठरवल्या जाणाऱ्या खासगी भाड्याच्या गाड्यांचा परवाना वेगळा असतो. प्रत्येक गाडीत व्हीलचेअरची सोय हवी, अशी अट त्याला नाही. 2022 च्या कायद्याने त्यांच्याही चालकांना अपंग प्रवाशांना मदत करणे बंधनकारक केले. गाडीची रचना त्याने बदललेली नाही.