वल्ह्यावरचे हात

श्रोतेहो, कुस्तीचा फड कुठल्या गावी भरणार, हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. कबड्डीचा डाव रंगला की पारावर बसलेली माणसेही उठून येतात. पण नौकानयन, म्हणजे वल्ह्यांच्या शर्यती, हा खेळ आपल्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिला आहे? फार थोड्यांनी. आज या खेळाची एक जुनी हकीकत सांगायची आहे. ती सुरू होते लंडनच्या नदीवर. पण तिचा एक धागा आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या दुष्काळी गावापर्यंत येऊन पोचतो, म्हणून ती तुमच्या कानावर घालतो.

आधी खेळ कसा आहे ते पाहू. नाव अगदी अरुंद आणि हलकी. आठ जणांची नाव सुमारे साठ फूट लांब असते, पण रुंदी एक माणूस जेमतेम मावेल एवढीच. वल्हवणारा पुढे पाठ करून बसतो. शर्यत संपायची जागा त्याला दिसतच नाही. मागे टाकलेले पाणी तेवढे दिसते. बसायची बैठक चाकांवर पुढेमागे सरकते, म्हणून पाहणाऱ्याला वाटते की सारे काम दंडांचे आहे. खरा जोर पायांचा असतो. ऑलिंपिकमध्ये ही शर्यत दोन हजार मीटरची असते. एकट्याने दोन वल्ही मारायची असतील, तर सात मिनिटांच्या आसपास सारा निकाल लागतो. त्या सात मिनिटांसाठी वर्षानुवर्षे पहाटे उठून पाण्यावर जायचे. पैसा नाही, टाळ्या थोड्या. ज्याला मनापासून आवड आहे तोच यात टिकतो.

मग प्रश्न असा, की ही आवड कुणाची? हा खेळ कुणाचा?

जुन्या काळी लंडनला थेम्स नदीवर पूल थोडे होते. माणसांची ने-आण नावाडी करीत. हजारो कुटुंबांचे पोट वल्ह्यावर चाले. सन १७१५ मध्ये थॉमस डॉगेट नावाच्या एका नटाने, उमेदवारी संपवून नुकत्याच तयार झालेल्या तरुण नावाड्यांसाठी एक शर्यत सुरू केली. जिंकणाऱ्याला तांबडा कोट आणि चांदीचा बिल्ला मिळे. ही शर्यत आजही भरते. म्हणजे पाहा, या खेळाची मुळे कष्टकऱ्यांच्या हातांत आहेत.

पुढे बड्या घरच्या मुलांनी वल्ही हाती घेतली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांची पहिली शर्यत १८२९ साली झाली. १८३९ साली थेम्सच्या काठी हेन्ली या गावी शर्यतींचा मोठा मेळा सुरू झाला. या तरुणांना शिकवायला सुरुवातीच्या काळात कोण होते? तेच नावाडी! शिष्य तयार झाले, आणि मग गुरूलाच दाराबाहेर उभे करण्यात आले.

ते असे घडले. १८७९ साली हेन्लीच्या चालकांनी 'हौशी खेळाडू' कुणाला म्हणावे याची व्याख्या केली. पैशासाठी शर्यत लावणारा हौशी नव्हे, इथपर्यंत ठीक होते. पण व्याख्या तिथे थांबली नाही. जो मजुरीवर काम करणारा कारागीर, यंत्रकामगार किंवा मजूर आहे, किंवा पूर्वी कधी होता, तोही हौशी नव्हे, असे ठरले. त्याने शर्यतीतून दमडी मिळवली नसली तरी नव्हे! अंगमेहनतीने ज्याचे शरीर कमावले गेले, त्याच्याशी कचेरीत बसणाऱ्याने कशी बरोबरी करावी, असे त्याचे समर्थन केले जाई. वरवर पाहता हे न्यायाचे बोलणे वाटते. पण नियमाचा परिणाम एकच झाला: हौस ही सवड असलेल्यांची मिरास ठरली.

या नियमाचा फटका कुणाकुणाला बसला पाहा. अमेरिकेतला जॉन केली हा विटा रचणारा गवंडी. १९२० साली हेन्लीला त्याचा प्रवेश नाकारला गेला. त्याच्या क्लबाशी हेन्लीचा जुना वाद होता हे खरे. पण त्याचे गवंडीकामही आड आले. त्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये या गवंड्याने इंग्लंडच्याच जॅक बेरेसफर्डला एका सेकंदाने मागे टाकले आणि एकेरीचे सुवर्णपदक मिळवले. त्याच दिवशी दुहेरीचेही मिळवले. पुढे १९४७ साली त्याच्या मुलाने हेन्लीला जाऊन एकेरीची डायमंड स्कल्स ही शर्यत जिंकली. बापाला बंद असलेले दार मुलाने उघडले, असेच म्हणायला हवे.

दुसरा ऑस्ट्रेलियाचा बॉबी पियर्स. हा सुतार, म्हणून १९२८ साली तोही हेन्लीतून बाहेर. त्या वर्षी ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये भर शर्यतीत त्याच्या नावेपुढून बदकांची रांग चालली होती. पियर्सने वल्ही थांबवली, बदकांना जाऊ दिले, आणि तरीही ती शर्यत जिंकली. पुढे सुवर्णपदकही घेतले. यथावकाश एका मद्यविक्रेत्या लॉर्डने त्याला विक्रेत्याची नोकरी दिली. हातात करवतीऐवजी मालाची यादी आली आणि पियर्स हौशी ठरला! १९३१ साली त्याने हेन्लीची डायमंड स्कल्स जिंकली. माणूस तोच, हात तेच. बदलला होता फक्त धंदा.

१९३६ साली ऑस्ट्रेलियाची आठ पोलिसांची तुकडी बर्लिनच्या ऑलिंपिकला निघाली होती. वाटेत हेन्लीला उतरावे असा तिचा विचार होता. पोलिसांचे काम अंगमेहनतीचे, म्हणून तिलाही नकार मिळाला. या वेळी मात्र बोभाटा फार झाला, आणि १९३७ साली तो नियम एकदाचा रद्द झाला. अठ्ठावन्न वर्षे तो टिकला होता.

आपल्या देशात हा खेळ आला तो साहेबांच्या क्लबांतून. कलकत्त्याचा क्लब १८५८ चा, मद्रासचा १८६७ चा. नाव महाग आणि संथ पाणी थोडे, त्यामुळे खेळ शहरातच राहिला. तो सर्वसामान्य घरांतल्या मुलांपर्यंत गेला, तो मुख्यत्वे लष्करामुळे. २०१० साली आशियाई स्पर्धेत नौकानयनाचे पहिले भारतीय सुवर्णपदक बजरंगलाल ताखर या सैनिकाने आणले.

आणि आता तो नाशिकचा धागा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही या गावचे दत्तू भोकनळ. पाण्याची वाण असलेला हा मुलूख, आणि हा मुलगा विहिरी खोदण्याच्या कामावर जाणारा. २०१२ साली ते सैन्यात गेले आणि तिथे पहिल्यांदा वल्हे हाती आले. चार वर्षांनी, २०१६ मध्ये, रिओच्या ऑलिंपिकमध्ये ते एकेरीत तेरावे आले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम शर्यतीत त्यांचे अंग साथ देईना. ते सर्वांत मागे राहिले. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह ते पुन्हा नावेत बसले आणि चौघांनी सुवर्णपदक जिंकले.

१८७९ चा तो नियम लावला असता, तर विहीर खोदणारे हे हात हौशी ठरलेच नसते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या शाळेत नाव नसेल, गावात पाणीही नसेल. मी तुम्हाला बोट क्लब काढा असे सांगत नाही. पण शाळेचा संघ निवडताना यादी एकदा वरपासून खालपर्यंत वाचून पाहा. सकाळी गुरे सोडून, पाणी भरून, उशिरा येणारा मुलगा त्या यादीत आहे का? घरकाम उरकून धावत शाळा गाठणारी मुलगी आहे का? कागदावर तसा नियम कुणी लिहिलेला नाही. तरी 'त्यांना कुठला वेळ!' असे आपण सहज म्हणून जातो, आणि हेन्लीचा नियम आपल्या पटांगणावर चालू राहतो.

तेव्हा त्या मुलांना एकदा विचारून तर पाहा.