साष्टीचे पाणी आणि उपनगरातील वस्ती

मुंबई शहरास नळाचे पाणी प्रथम मिळाले ते साष्टी बेटातून. मिठी नदीचा प्रवाह अडवून बांधलेला विहार तलाव १८६० साली पुरा झाला. १८७९ साली त्यास तुळशीची जोड मिळाली. हे पाणी दक्षिणेस शहरात गेले. भोवतालच्या आगरी, कोळी व ख्रिस्ती गावांचा मुख्य आधार विहिरीच राहिल्या. शहरास जे नकोसे झाले तेही पुढे इकडेच आले : १९४९ पासून म्हशींचे तबेले गोरेगावनजीक आरे येथे हलविण्यात आले.

महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत वाढली. अंधेरी आणि घाटकोपर तेव्हाच आत आले. बोरिवली व मुलुंड यांना १९५७ पर्यंत थांबावे लागले. (कागदावरील सीमा एका दिवसात सरकते, जलवाहिनीस वर्षे लागतात.) १९९० साली उपनगर जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ भरली.

या लोकसंख्येतील फार मोठा हिस्सा झोपडवस्तीत राहणारा आहे. घाटकोपरच्या डोंगरउतारावरील घरांना पाण्याची चढण पायांनीच चढावी लागते, आणि हंडा बहुधा स्त्रीच्या डोक्यावर असतो. ठरावीक दिनांकानंतरच्या झोपड्यांना पाणी नाकारण्याचे शासकीय धोरण मुंबई उच्च न्यायालयासमोर आले, तेव्हा पाणी हा जीविताच्या हक्काचा भाग असल्याचा निर्णय २०१४ च्या डिसेंबरात झाला. विहार तलाव बांधून तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती.