सेवेचे वस्त्र

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात एका रुग्णाला तपासताना डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी ओळखले की, हा साधा ताप नव्हे. हा गाठीचा प्लेग आहे. पुढील काही वर्षांत या रोगाने मुंबई इलाख्याची जी दैना केली, तिची साक्ष वांद्रे, गिरगाव येथील जुन्या ख्रिस्ती वस्त्यांतील क्रूस आजही देतात. गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या त्या क्रूसांपैकी कित्येक प्लेगच्या दिवसांत भेदरलेल्या लोकांनी देवाचा धावा करीत उभारले. याच साथीत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यांना त्या रोगाने गाठले होते.

त्या काळी रोग्याजवळ जाणाऱ्या माणसाच्या अंगावर काय होते? रोजचीच वस्त्रे. याहून वेगळे काही असावे तर ते कोणते, हे सांगणाराही कोणी नव्हता. प्लेग उंदराकडून माणसाकडे पिसवेच्या दंशाने येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराचीत प्रयोगाने दाखविले ते १८९८ साली. आणि तेही वैद्यकविश्वाला पटायला आणखी काही वर्षे जावी लागली. शत्रू कोणत्या वाटेने येतो हे ठाऊक नसेल, तर चिलखत शिवायचे कसे?

संसर्गजन्य रोगात सेवा करणाऱ्यांच्या वस्त्राचा इतिहास म्हणजे ही वाट शोधण्याचा इतिहास आहे. त्यातील काही पाने आपल्या ख्रिस्तसभेच्या धर्मभगिनींनी, धर्मबंधूंनी व मिशन इस्पितळांनी प्राण देऊन लिहिली आहेत. ती आपल्या कुटुंबांत वाचली जावीत, या हेतूने आम्ही हा विषय हाती घेतला आहे.

चोचीचा मुखवटा

प्लेगच्या रुग्णांजवळ जाताना घालावयाच्या पोशाखाचे जुने व प्रसिद्ध वर्णन फ्रान्सच्या राजदरबारातील वैद्य शार्ल द लॉर्म यांच्या नावाने सांगितले जाते. तो काळ सतराव्या शतकाचा. अंगात मेण चोपडलेला लांब झगा, हातापायांत चामड्याचे मोजे व जोडे, हातात काठी आणि तोंडावर पक्ष्याच्या चोचीसारखा मुखवटा. त्या चोचीत सुगंधी वनस्पती भरलेल्या असत. रोग दूषित हवेतून येतो अशी समजूत होती, म्हणून श्वासाबरोबर सुवास जावा ही योजना. समजूत चुकीची होती. तथापि त्या मेणकापडाने पिसवा थोड्याफार दूर राहिल्या असतील.

असा पोशाख प्रत्यक्षात किती जणांनी वापरला, याविषयी इतिहासकारांना शंकाच आहे. सामान्य सेवकाच्या वाट्याला तर तो कधी आलाच नाही. रोममधील साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना १५९१ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, संत अलॉयसियस गोन्झागा यांनी देह ठेवला. त्यांच्यासारख्या असंख्य सेवकांपाशी विश्वासाखेरीज दुसरे कवच नव्हते.

हार्बिनची मुखपट्टी

१९१० च्या अखेरीस ईशान्य चीनमधील मांचुरिया प्रांतात एक भयंकर साथ उद्भवली. पेनांग येथे जन्मलेले आणि केंब्रिजमध्ये शिकलेले तरुण डॉक्टर वू लिएन-तेह यांना सरकारने हार्बिन शहरी पाठविले. त्यांनी निदान केले की, हा प्लेग फुप्फुसांचा आहे आणि तो पिसवेवाचून, माणसाच्या श्वासातून व खोकल्यातून थेट दुसऱ्याकडे जातो. म्हणून त्यांनी जाळीच्या कापडाच्या घड्यांत कापूस ठेवून, मागे बांधता येईल अशी साधी मुखपट्टी सर्वांसाठी ठरविली. ती स्वस्त होती आणि कोणालाही घरी करता येण्याजोगी होती.

जेराल्ड मेस्नी या वयाने व मानाने थोर असलेल्या फ्रेंच डॉक्टरांना हे निदान मान्य झाले नाही. ते मुखपट्टीवाचून रुग्णांना तपासावयास गेले आणि थोड्याच दिवसांत, ११ जानेवारी १९११ रोजी, त्याच रोगाने दगावले. त्यानंतर हार्बिनमध्ये मुखपट्टीला नाके मुरडणारे कोणी राहिले नाही. सुमारे साठ हजार माणसांचा बळी घेऊन ती साथ काही महिन्यांत आटोक्यात आली. आज सर्वत्र दिसणारी मुखपट्टी या मुखपट्टीच्या वंशातील आहे.

यांबुकूच्या पाच सुया

आता आपण आपल्या मिशन इस्पितळांकडे वळू. त्या काळी झैर म्हटल्या जाणाऱ्या काँगो देशाच्या उत्तर भागात यांबुकू नावाचे गाव आहे. तेथे बेल्जियन मिशनऱ्यांनी १९३५ साली स्थापिलेले १२० खाटांचे इस्पितळ होते. डॉक्टर नव्हता, धर्मभगिनी व स्थानिक परिचारक मिळून सारा भार वाहत. दूरदूरच्या खेड्यांतून रुग्ण येत, गर्भवती स्त्रिया तपासणीसाठी येत, आणि इंजेक्शनावर लोकांचा मोठा विश्वास होता.

ऑगस्ट १९७६ मध्ये तेथे एका शिक्षकाला हिवताप समजून इंजेक्शन देण्यात आले. तो पुढे रक्तस्रावाने मरण पावला. मागोमाग इस्पितळात येऊन गेलेल्या स्त्रिया मरू लागल्या, मग त्यांचे नातेवाईक, मग शुश्रूषा करणारे. इस्पितळातील सतरा सेवकांपैकी अकरा जण गेले. मृतांत बेल्जियन धर्मभगिनी होत्या, धर्मगुरू होते आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करणारे स्थानिक परिचारकही होते. ३० सप्टेंबर रोजी इस्पितळ बंद करावे लागले. एकूण ३१८ जणांना लागण झाली; त्यांतील २८० दगावले. पुढे जवळून वाहणाऱ्या एका नदीवरून या रोगाला 'इबोला' हे नाव देण्यात आले.

चौकशीअंती जे उघड झाले ते वाचताना मन विषण्ण होते. दररोज सकाळी परिचारकांच्या हाती पाच सिरिंजा व सुया दिल्या जात. एका रुग्णानंतर त्या कोमट पाण्याच्या भांड्यात विसळून दुसऱ्यासाठी वापरल्या जात. तपास पथक यांबुकूला पोहोचले, तेव्हा वाचलेल्या धर्मभगिनींनी आपल्या निवासाभोवती दोरी बांधून, कोणी जवळ येऊ नये, अशी पाटी लावली होती. साथीत अशी सीमा आखावी, एवढेच त्यांनी कुठेतरी वाचले होते. त्या माउलींची निंदा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. येथे माया कमी पडली नव्हती, सुया कमी पडल्या होत्या.

किक्विटच्या सहा भगिनी

एकोणीस वर्षांनी, १९९५ साली, त्याच देशातील किक्विट शहरात इबोला पुन्हा अवतरला. एप्रिल महिन्यात इस्पितळातील एका प्रयोगशाळा-साहाय्यकावर पोटाचे दुखणे समजून शस्त्रक्रिया करण्यात आली. काही दिवसांतच शस्त्रक्रिया करणारे व शुश्रूषा करणारे एकामागून एक आजारी पडू लागले.

त्यांत इटलीतील बेर्गामोच्या 'गरिबांच्या भगिनी' या संघाच्या धर्मभगिनी होत्या. सिस्टर फ्लोराल्बा रोंडी २५ एप्रिलला गेल्या. त्यांची शुश्रूषा केली सिस्टर क्लारांजेला गिलार्डी व इतर भगिनींनी. मग सिस्टर क्लारांजेला गेल्या. मग सिस्टर दानिएलांजेला सोर्ती, सिस्टर दिनारोसा बेल्लेरी, सिस्टर अन्नेलविरा ओस्सोली आणि २८ मे रोजी सिस्टर वितारोसा झोर्झा. सिस्टर अन्नेलविरा या प्रांताधिकारी होत्या. आजारी भगिनींपाशी राहण्यासाठी त्या किक्विटला आल्या आणि परत गेल्या नाहीत. जवळपास एका महिन्यात सहा जणी! २०२१ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'पूजनीय' म्हणून गौरविले.

त्या साथीत सुमारे ३१५ रुग्णांपैकी ८० जण आरोग्यसेवकच होते. मे महिन्यात बाहेरून हातमोजे, मुखपट्ट्या, झगे व जंतुनाशके येऊन पोहोचली, ती कशी वापरावी हे शिकविले गेले, आणि सेवकांतील नवी लागण जवळजवळ थांबली. रोगावर औषध तेव्हाही नव्हते. कापड, रबर, पाणी आणि क्लोरीन यांनीच हे घडविले. या अनुभवातून १९९८ साली जागतिक आरोग्य संघटनेने अमेरिकन रोगनियंत्रण केंद्राच्या साहाय्याने आफ्रिकेतील इस्पितळांसाठी एक पुस्तिका काढली. गरीब इस्पितळानेही साधे प्लास्टिक कापून एप्रन कसा करावा, क्लोरीनचे पाणी कसे तयार करावे, हे तीत सोप्या शब्दांत सांगितले आहे.

डोळ्यांवरचे उघडे दार

ती पुस्तिका वाया गेली नाही. युगांडातील गुलू येथे, कंबोनी मिशनऱ्यांनी सुरू केलेल्या लाकोरच्या सेंट मेरीज इस्पितळात, २००० साली विद्यार्थी-परिचारिका विचित्र तापाने दगावू लागल्या. इस्पितळाचे प्रमुख डॉ. मॅथ्यू लुक्विया यांनी ती पुस्तिका वाचून रोग ओळखला, शासनाला कळविले, वेगळा विभाग उभारला आणि झगे, मोजे, मुखपट्ट्या यांची शिस्त लावली.

परंतु नोव्हेंबरमधील एका रात्री त्यांचाच एक परिचारक रक्तस्रावाने तडफडत आहे, असा निरोप आला. डॉक्टर झोपेतून उठून धावले. झगा होता, मोजे होते, मुखपट्टी होती. डोळ्यांवरचे आवरण तेवढे नव्हते. ५ डिसेंबर २००० रोजी त्यांचा मृत्यू झाला. ज्याने सर्वांना नियम शिकविले, त्यालाही घाईच्या एका क्षणात ममतेने नियम विसरावयास लावले. म्हणूनच पुढील काळात हा पोशाख कधी एकट्याने घालायचा नाही, जोडीदाराने नखशिखान्त तपासल्यावाचून आत पाऊल टाकायचे नाही, असा दंडक पडला.

उतरविण्याची विद्या

२०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोलाचा आजवरचा सर्वांत मोठा उद्रेक झाला. अकरा हजारांहून अधिक माणसे मेली. लायबेरियाच्या मोनरोव्हिया शहरातील सेंट जोसेफ कॅथॉलिक इस्पितळाचे संचालक ब्रदर पॅट्रिक न्शाम्झे ऑगस्टच्या प्रारंभी गेले. त्यांच्या मागोमाग तेथील धर्मबंधू, धर्मभगिनी व कर्मचारीही गेले. स्पॅनिश धर्मगुरू मिगेल पाहारेस यांना विमानाने मद्रिदला नेण्यात आले. तेथे १२ ऑगस्टला त्यांनी प्राण सोडला. सिएरा लिओनहून नेलेले ब्रदर मान्वेल गार्सिया व्हिएहो २५ सप्टेंबरला गेले. या दोघांची शुश्रूषा करणाऱ्या एका परिचारिका-साहाय्यिकेला मद्रिदसारख्या संपन्न शहरात, अंगावर संरक्षक पोशाख असताना, लागण झाली. पोशाख उतरविताना मोज्याचा स्पर्श चेहऱ्याला झाला असावा, असे मानले गेले. सुदैवाने ती वाचली.

या घटनेने जगाला शिकविले की, पोशाख घालणे सोपे, उतरविणे कठीण. बाहेरचा पृष्ठभाग विषारी झालेला असतो. तो त्वचेला न लागता एकेक वस्तू ठरलेल्या क्रमाने, प्रत्येक पायरीला हात क्लोरीनच्या पाण्याने धूत, काढावी लागते. आत उकाडा असह्य. घामाने चष्म्यावर धुके साचते. तासाभरापलीकडे थांबणे धोक्याचे. थकलेल्या जिवाने शेवटच्या पाच मिनिटांत सर्वाधिक सावध राहायचे, ही मोठी कठोर तपश्चर्या आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली केलेल्या पाहणीनुसार, त्या देशांतील आरोग्यसेवकांना लागण होण्याचे प्रमाण इतर प्रौढांपेक्षा २१ ते ३२ पट अधिक होते.

या वस्त्राने आणखी एक गोष्ट हिरावून घेतली, ती म्हणजे चेहरा. मरणाच्या दारातील रुग्णाला फक्त पांढरी, डोळे झाकलेली आकृती दिसे. म्हणून सेवक आपले नाव एप्रनवर लिहू लागले. २०१५ साली लायबेरियात मेरी बेथ हेफर्नन या अमेरिकन कलावतीने सेवकांची हसरी छायाचित्रे त्यांच्या पोशाखावर चिकटविण्याचा उपक्रम केला. वस्त्राआड माणूस आहे, एवढे कळले तरी रुग्णाला धीर येतो.

आपला वाटा

२०२० साली कोविडच्या प्रारंभी आपल्या देशातही हा प्रश्न दारात येऊन उभा राहिला. काही ठिकाणी डॉक्टरांनी पावसाळी कोट घालून काम केल्याच्या बातम्या आपण वाचल्या. मे महिन्यापर्यंत मात्र देशात दिवसाला दोन लाख पोशाख तयार होऊ लागले. मनावर घेतले तर काय होऊ शकते, ते यावरून दिसते. ज्यांच्या लेकी-सुना परिचारिका आहेत, अशी कुटुंबे आपल्या धर्मग्रामांत थोडी नाहीत. त्या दिवसांत त्या घरांतील रोझरी कोणत्या काळजीने म्हटली जात होती, हे आम्ही सांगावयास नको.

सेवेत प्राण देणाऱ्यांचा आपण गौरव करतो, आणि तो करावाच. परंतु जो मृत्यू एका डझन हातमोज्यांनी टळला असता, त्याला केवळ हौतात्म्य म्हणून आपली सुटका होत नाही. सेवक अंथरुणाला खिळला, तर त्याच्यावर विसंबलेले शेकडो रुग्ण पोरके होतात. यांबुकूचे इस्पितळ बंद झाले तेव्हा हेच घडले. शिवाय निष्काळजी हात रोग एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर नेतात. तेव्हा मोजे चढविणाऱ्या परिचारिकेला कोणी घृणा करणारी समजू नये. ती रुग्णाजवळ उद्याही येता यावे म्हणून ते चढवीत असते.

प्रभू येशूच्या दाखल्यातील भल्या शोमरोन्याने जखमा बांधल्या, आणि मग सरायवाल्याच्या हाती पुढील खर्चाचे पैसेही ठेवले. ही दुसरी गोष्ट आपण बहुधा विसरतो. सेवा करणारा एक असतो आणि त्याला साधने पुरविणारे इतर असावे लागतात. मिशन इस्पितळांसाठी आपल्या मंदिरांत जेव्हा थाळी फिरते, तेव्हा तीत पडणाऱ्या नाण्यांतून साबण, सुया आणि हातमोजे येत असतात. पुढच्या वेळी ती थाळी समोर येईल, तेव्हा किक्विटच्या त्या सहा भगिनींची आठवण असावी.