वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन: एका मनाईची कुळकथा

इंग्रजी वाक्याचा शेवट प्रिपोझिशनने करू नये, हा नियम इंग्रजी शिकलेल्या पुष्कळांनी कधी ना कधी ऐकलेला असतो. ‘ज्या माणसाशी मी बोललो’ हे इंग्रजीत दोन तऱ्हांनी म्हणता येते: ‘द मॅन टू हूम आय स्पोक’ किंवा ‘द मॅन आय स्पोक टू’. मराठीत ‘शी’ शब्दाला चिकटलेलाच असतो, त्यामुळे हा पेच आपल्याकडे उद्भवत नाही. इंग्रजीत मात्र ‘टू’ एकटा मागे राहू शकतो आणि इंग्रज शतकानुशतके त्याला तसा मागे ठेवत आले. मग ही चूक आहे असे ठरवले कोणी? रूढ उत्तर आहे कवी-नाटककार जॉन ड्रायडन. माझ्या मते हे उत्तर अपुरे आहे. या मनाईचा जन्म इंग्रजीच्या अभ्यासातून झालाच नाही. तो लॅटिन शिकवण्याच्या सोयीतून झाला.

ड्रायडनविरुद्धचा पुरावा भक्कम आहे, हे आधी मान्य करू. १६७२ साली छापलेल्या एका निबंधात त्याने बेन जॉन्सनच्या ‘कॅटिलाइन’ या १६११ च्या नाटकातली ‘फ्रॉम’ने संपणारी ओळ काढून दाखवली, तिला दोष म्हटले आणि हाच दोष आपल्याही लिखाणात अलीकडे दिसला, असे नोंदवले. तो एवढ्यावर थांबला नाही. नाट्यकाव्यावरचा त्याचा १६६८ चा निबंध १६८४ मध्ये पुन्हा छापताना त्याने शेवटची प्रिपोझिशन्स उचलून आधी नेली. ‘मी ज्या काळात राहतो’ अशा अर्थाच्या शब्दांत शेवटी असलेला ‘इन’ नव्या आवृत्तीत ‘विच’च्या आधी जाऊन बसला. मात्र हा दोष का, याचे कारण त्याने दिले नाही. ते त्याच्याच दुसऱ्या एका कबुलीत सापडते. आपले इंग्रजी बरोबर आहे की नाही अशी शंका आली की आपण ते लॅटिनमध्ये उतरवून पाहतो, असे त्याने १६७९ मध्ये लिहिले. लॅटिनमध्ये प्रिपोझिशन वाक्याच्या शेवटी असे सुटे राहूच शकत नाही. त्या कसोटीवर ‘द मॅन आय स्पोक टू’ नापास होणारच.

आता त्याहून जुना दुवा. नुरिया यान्येस-बौसा या भाषाभ्यासक विदुषींनी दाखवून दिले आहे की, शेवटच्या प्रिपोझिशनला नापसंती १६४६ सालीच जोशुआ पूल याच्या छोट्या व्याकरणात नोंदलेली आहे, म्हणजे ड्रायडनच्या सव्वीस वर्षे आधी. पूलचे पुस्तक इंग्रजीच्या आधाराने लॅटिन लवकर यावे, यासाठी लिहिलेले आहे. मुलाने भाषांतराला बसण्यापूर्वी इंग्रजी शब्द सरळ क्रमाने लावून घ्यावेत, म्हणजे लॅटिन करणे सोपे जाते, ही त्यामागची शिकवण. वर्गातली ही पूर्वतयारी पुढे इंग्रजीचाच कायदा झाली, असा माझा तर्क आहे. ड्रायडनने पूल वाचला होता याचा पुरावा कुठे आहे, असे कोणी विचारील. त्याची गरज नाही. ड्रायडन वेस्टमिन्स्टर शाळेत रिचर्ड बझ्बीच्या हाताखाली लॅटिन गिरवून तयार झालेला होता. दोघांची शिस्त एकाच प्रकारच्या वर्गातली, म्हणून निष्कर्षही एकच.

पुढचे टप्पे परिचित आहेत. फ्रान्सला १६३५ पासून भाषेवर देखरेख ठेवणारी अकादमी होती. इंग्लंडात लेखक स्विफ्टने १७१२ मध्ये तशीच मागणी केली, पण ती फळली नाही. मोकळ्या राहिलेल्या त्या जागेवर शालेय व्याकरणे बसली. १७६२ च्या व्याकरणामुळे बिशप रॉबर्ट लाउथला या मनाईचा जनक ठरवले जाते, हा त्याच्यावर अन्याय आहे. ही लकब बोलण्यात आणि घरगुती लिखाणात शोभते, गंभीर शैलीत दुसरी रचना अधिक डौलदार, एवढेच तो म्हणतो. आणि आपल्या भाषेचा कल या लकबीकडे आहे हे सांगताना तो स्वतः ‘टू’ शेवटीच ठेवतो. १७९५ मध्ये लिंडली मरेने यॉर्कच्या क्वेकर मुलींच्या शाळेसाठी व्याकरण लिहिताना हा मजकूर उचलला आणि तेवढा ‘टू’ गुपचूप पुढे सरकवला. लाउथचा सल्ला मरेच्या हातात नियम कसा झाला, ते या एका शब्दाच्या हालचालीत दिसते. मरेचे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून चालले.

नियम कुठूनही आलेला असो, तो उपयोगी असेल तर पाळायला काय हरकत, हा आक्षेप रास्त आहे. पण हा नियम इंग्रजीला लागूच पडत नाही. ‘द मॅन दॅट आय स्पोक टू’ यातला ‘टू’ कुणीही ‘दॅट’च्या आधी नेऊन पाहावा, वाक्य मोडते. ‘ही वॉज लाफ्ड ॲट’ यात ‘ॲट’ हलवायला जागाच नाही. दुसरा आक्षेप असा की, रूढीवर सोडले तर काहीही चालेल. तसेही होत नाही. ‘टू’ गाळून ‘द मॅन आय स्पोक’ म्हटले तर इंग्रजी मातृभाषा असलेल्या पोरालाही ते खटकते, आणि हे त्याला कुठल्या मरेने शिकवलेले नसते. जोसेफ प्रीस्टली, ज्याचे नाव ऑक्सिजनच्या शोधाशी जोडलेले आहे, त्याने १७६१ च्या आपल्या व्याकरणात रूढी हाच निकष मानला होता. १९२६ मध्ये कोशकार फाउलरने या मनाईला अंधश्रद्धा ठरवून त्याच बाजूने कौल दिला. शैलीचा सल्ला देण्याचा अधिकार लाउथसारख्या जाणकाराला जरूर आहे. चूक ठरवण्याचा अधिकार मात्र ती भाषा वापरणाऱ्यांचाच, आणि दुसऱ्या भाषेच्या मापाने दिलेला निकाल कितीही शाळांतून घोकला गेला तरी तो व्याकरण होत नाही.