कार्यालयीन दस्तऐवजलेखन : मेजसंगणक ते मेघ-संगणन

कार्यालयातील पत्रे, टिपण्या, तक्ते व अहवाल टेबलावरील संगणकात तयार करून तेथेच साठविण्याऐवजी ते दूरस्थ संगणककेंद्रात ठेवणे आणि महाजालाच्या द्वारे अनेकांनी एकाच प्रतीवर काम करणे, या पद्धतीस मेघाधारित दस्तऐवज-व्यवस्था म्हणतात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ती रूढ झाली. मराठी कार्यालयांत हा केवळ साठवणीच्या जागेचा बदल नव्हता. लिपी साठविण्याची पद्धत बदलल्याखेरीज तो पूर्ण होणे शक्य नव्हते. नासिकसारख्या विभागीय मुख्यालयाच्या शहराच्या संदर्भात त्याचे स्वरूप स्पष्ट होते.

नासिकला कागदावरील लेखांची दीर्घ परंपरा आहे. नासिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या नोंदविलेल्या असून त्यांतील पुष्कळ जुने लेख मोडीत आहेत. नासिक रोड येथील भारत प्रतिभूती मुद्रणालयात १९२६ पासून भारताची टपाल तिकिटे छापली जाऊ लागली. मुद्रांक कागदही तेथे छापले जात. विसाव्या शतकात मोडी मागे पडून बालबोध लिपी व टंकलेखनयंत्रे प्रचारात आली आणि १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा झाली. मोडीतील कागद टिकले. ते वाचणारे मात्र विरळ झाले [⟶ मोडी लिपी].

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) व महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८) या नासिकमधील संस्था स्थापन झाल्या, त्या सुमारास टंकलेखनयंत्राची जागा संगणक घेत होता. त्या काळातील बहुतेक मराठी टंकांत इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसविलेले असत. प्रत्येक निर्मात्याची मांडणी निराळी असे. त्यामुळे एका कार्यालयातील पत्र तोच टंक नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडल्यास रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी दिसे. मजकूर शोधणे किंवा अकारविल्हे लावणेही कठीण जाई. कागदावर छापून घेतल्यास हा दोष लपत असे आणि म्हणूनच तो दीर्घकाळ चालून गेला.

यूनिकोड या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. परंतु विंडोज २००० सारख्या कार्यप्रणालींत सोय झाल्यानंतर ती सामान्य संगणकावर वापरता येऊ लागली. गूगलची दस्तऐवजसेवा २००६ मध्ये व मायक्रोसॉफ्टची ऑफिस ३६५ ही सेवा २०११ मध्ये सुरू झाली. अशा सेवांत मजकूर कोणत्याही यंत्रावर उघडावा लागत असल्याने एका यंत्रातील खास टंकावर अवलंबून असलेली पद्धत तेथे निरुपयोगी ठरली.

शासकीय पातळीवर भारत सरकारच्या मेघराज योजनेखालील राष्ट्रीय मेघ २०१४ मध्ये कार्यान्वित झाला, तर महाराष्ट्राने सार्वजनिक मेघसेवांविषयीचे धोरण २०१८ मध्ये जाहीर केले. मार्च २०२० मधील टाळेबंदीमुळे घरून काम करणे भाग पडले व या बदलास गती मिळाली. मंत्रालयात २०२३ मध्ये ई-ऑफिस प्रणालीवर भर देण्यात आला आणि पुढे क्षेत्रीय कार्यालयांतही तिचा प्रसार झाला.

या व्यवस्थेमुळे एकाच मसुद्याच्या अनेक प्रती फिरण्याचे टळले. कोणी, केव्हा व कोणता फेरफार केला याची नोंद आपोआप राहू लागली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेखास व अंकीय स्वाक्षरीस विधिमान्यता असल्याने शिक्क्याच्या कागदाचे महत्त्व काही अंशी घटले. उलट, महाजालाची जोडणी खंडित झाल्यास काम अडते आणि दस्तऐवजाचा ताबा सेवा पुरविणाऱ्याकडे जातो. त्यामुळे करार संपल्यावर प्रती परत मिळविण्याची तरतूद आवश्यक ठरते.

तथापि सर्वांत मोठा प्रश्न मागे राहिलेल्या धारिकांचा आहे. जुन्या टंकांतील मराठी मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने यूनिकोडमध्ये आणता येतो. पण जोडाक्षरे व रफार यांत चुका राहण्याचा संभव असल्याने माणसाने तपासणी करणे अपरिहार्य असते. ज्या धारिकांचे असे परिवर्तन होत नाही, त्या मेघात सुरक्षित राहूनही वाचता येत नाहीत. मोडीतील जुने दप्तर शिकलेल्या माणसाला आजही वाचता येते. टंक व परिवर्तक दोन्ही नाहीसे झाल्यास या धारिकांना तसा वाचक मिळणे दुष्कर होईल.