सांगड

दोन किंवा अधिक तरंगती साधने (ओंडके, भोपळे, डोण्या अथवा नावा) काही अंतरावर ठेवून आडव्या वाशांनी एकमेकांस जखडली असता जे जलवाहन तयार होते, त्यास मराठीत सांगड म्हणतात. एकाच धडाची नाव आपल्या रुंदीच्या वा तळातील भाराच्या योगे तोल सांभाळते. सांगडीचा तोल दोन धडांमधील अंतरावर अवलंबून असतो. दूरच्या सफरीसाठी आज जगभर वापरली जाणारी शिडाची जोडनौका, म्हणजे ‘कॅटमरान’, हे सांगडीचेच प्रगत रूप होय. भोपळ्यांच्या सांगडीपासून या नौकेपर्यंत साहित्य पार बदलले. मात्र तिचे मर्मस्थान होते तेथेच राहिले. ते म्हणजे दोन धडांमधील जोड. सांगड सज्ज करणे व तिची निगा राखणे ही मुख्यतः या जोडाची निगा होय.

सांगड हा शब्द संस्कृत ‘संघाट’ (जोडलेली लाकडे) यावरून आला आहे. ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार रोजच्या बोलण्यात इतका रुळला आहे की, त्यामागे एक जलवाहन आहे याचे स्मरण वापरणाऱ्यास सहसा राहत नाही. मलयाळम् ‘चंगाडम्’ व तुळू ‘जंगाल’ हे याच कुळातील शब्द असून पोर्तुगीजांनी मलबार किनाऱ्यावर उचललेला ‘जंगाडा’ हा शब्द पुढे ब्राझीलमधील कोळ्यांच्या शिडाच्या तराफ्यास मिळाला.

पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तात भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदरांच्या वर्णनात ‘संगर’ नावाच्या मोठ्या जहाजांचा उल्लेख येतो. एकेका ओंडक्याची धडे एकत्र जखडून ती केलेली असत, असे ग्रंथकार सांगतो. संगर म्हणजे सांगडच, हे मत बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. याच ग्रंथात पैठणचाही उल्लेख आहे. बॅरिगाझा (भडोच) बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असून तेथून गोमेद-अकीकासारखे दगड गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून, बंदरावर येत, असे त्यात म्हटले आहे. सातवाहनांची ही राजधानी समुद्रापासून दूर असली, तरी समुद्रावरील व्यापाराशी निगडित होती. यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आढळते, ते याच संबंधाचे द्योतक होय.

पैठण गोदावरीच्या उत्तर तीरावर आहे. दख्खनच्या नद्या उन्हाळ्यात पायउतार होतात आणि पावसाळ्यात दुथडी भरतात. अशा नद्यांवर कायमची मोठी नाव बाळगणे परवडत नसे. सांगड मात्र हंगामापुरती बांधता येई आणि हंगाम संपला की सोडून ठेवता येई. वाळलेले भोपळे खाटेखाली बांधून माणसे उतरवीत, तर गाडी किंवा जनावरे न्यावयाची झाल्यास दोन नावांवर फळ्या टाकीत. भोपळा सुकविताना देठाकडील भाग फुटू नये, बांधण्याची दोरी दर खेपेस चाचपून पाहावी आणि ओली दोरी सावलीत वाळवावी, एवढीच या वाहनाची निगा असे. तीत कसूर झाल्यास परिणाम मात्र भर प्रवाहात भोगावा लागे. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायानदीचे विस्तृत रूपक आले आहे. त्याचा श्रोता असे पूर प्रत्यक्ष पाहिलेला होता, हे ते वाचताना विसरता येत नाही. पैठणजवळील जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि नदीचे हे रूप पालटले. महाराष्ट्रातील अनेक जलाशयांवर आज मच्छीमार थर्मोकोलचे ठोकळे बांधून त्यांवर बसून जाळी टाकतात. भोपळा गेला, बांधणे राहिले.

‘कॅटमरान’ हे नाव मात्र गैरसमजातून रूढ झाले. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे व ‘मरम्’ म्हणजे लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरील कट्टुमरम् हा हलक्या लाकडाच्या ओंडक्यांचा जवळजवळ बांधलेला तराफा असून त्यास दोन धडे नसतात. विल्यम डँपिअरच्या १६९७ मधील प्रवासवर्णनामुळे हा शब्द इंग्रजी वाचकांस परिचित झाला आणि पुढे दोन धडांच्या नौकेस चिकटला. कट्टुमरम्‌ची देखभाल मोठी शहाणपणाची आहे. कोळी किनाऱ्यास लागताच दोर सोडून ओंडके वेगळे करतो व वाळूवर वाळत घालतो, कारण पाणी प्यालेले लाकूड जड होऊन तराफा बुडू लागतो. रोज सोडावयाचे व रोज बांधावयाचे, त्यामुळे झिजलेला दोर दुसऱ्या दिवशी समुद्रात जाऊच शकत नाही.

कोकण व गोवा येथील नातलग म्हणजे उलांडीची होडी. हिच्या एका कुशीस दोन आडव्या वाशांच्या टोकांना लाकडाचा लांब तरंगता ओंडका बांधलेला असतो; त्यास उलांडी म्हणतात. दोन धडांपैकी एक केवळ तोलापुरते उरले, असे तिचे वर्णन करता येईल. रत्नागिरी, सिंधुदुर्ग व गोवा येथे रापणीच्या मासेमारीत ही होडी वापरीत आले आहेत. जेम्स हॉर्नेल याने भारतीय नौकांच्या घाटांवरील आपल्या १९२० च्या प्रबंधात दक्षिणेकडील उलांडीच्या नौकांचा संबंध पॅसिफिकमधील दर्यावर्दी लोकांशी जोडला. जावातील बोरोबुदूर येथील शिल्पांत उलांडीची मोठी शिडाची जहाजे कोरलेली आहेत, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

या होड्यांच्या फळ्या खिळ्यांऐवजी सुंभाने शिवीत. फळ्यांच्या कडांना छिद्रे पाडून, सांध्यावर नारळाच्या काथ्याची वळकटी ठेवून वरून टाके आवळावयाचे आणि छिद्रे राळ व तेल यांनी बुजवावयाची, अशी ही पद्धत आहे. समुद्रात जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, समुद्रातील लोहचुंबक तिला ओढून घेतो, असे भोजाच्या नावावरील युक्तिकल्पतरु या ग्रंथात म्हटले आहे. कारण भ्रामक असले, तरी आचार खोटा नव्हता. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते व सभोवतालचे लाकूडही खाते. शिवलेली फळी लाटेबरोबर किंचित वाकते आणि वाळूवर आपटली तरी सहसा फुटत नाही. काथ्या खाऱ्या पाण्यात टिकतो, गोड्या पाण्याने मात्र कुजतो. म्हणून या होडीचा खरा शत्रू पाऊस. पावसाळ्यापूर्वी ती ओढून किनाऱ्यावर घेत, झापांनी शाकारीत, उलांडीचे वासे सोडवून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास नवे सुंभ घालून पुन्हा उभी करीत. लाकूड पोखरणाऱ्या टेरेडोसारख्या सागरी प्राण्यांपासून तळ वाचविण्यासाठी माशाचे तेल चोपडीत. फायबरची होडी आल्यावर हे वार्षिक काम गेले, आणि त्याबरोबर टाका घालणारे हातही विरळ झाले. फायबरची सोय नाकारण्याचे कारण नाही. पण शिवणकामाचे ज्ञान लिहून ठेवलेले नसल्याने ते एका पिढीच्या खंडानेही नाहीसे होऊ शकते.

यूरोपात जोडनौकेचा पहिला गाजलेला प्रयत्न विल्यम पेटी याने १६६२ मध्ये डब्लिन येथे केला. त्याची ‘एक्स्पेरिमेंट’ ही नौका १६६५ मध्ये बिस्केच्या उपसागरात वादळात नाहीशी झाली. अमेरिकेत नथानिएल हेरेशॉफच्या ‘अमॅरिलिस’ने १८७६ मध्ये न्यूयॉर्कच्या शर्यतीत इतरांस सहज मागे टाकले, तेव्हा अशा नौकांना शर्यतीतूनच वगळण्यात आले. दूरच्या सफरीसाठी ती योग्य आहे, हे जेम्स व्हॅरम याने १९५५-५६ मध्ये ‘टांगारोआ’ या लहानशा जोडनौकेतून अटलांटिक ओलांडून दाखविले. आडवे वासे धडांना दोरांनी बांधण्याची पॅसिफिकमधील रीत त्याने पुढेही आपल्या आराखड्यांत चालू ठेवली. दोन धडे एकाच वेळी वेगवेगळ्या लाटांवर स्वार होत असल्याने वाशांवर सतत पीळ बसतो. ताठर जोड हा पीळ साठवीत जातो व एके दिवशी तडकतो, तर दोराचा जोड तो सोसतो आणि झिजू लागला की डोळ्यांना दिसतो.

आजच्या बहुतेक जोडनौकांत मात्र फायबरचा ताठर जोड असतो. त्यामुळे तेथील सूक्ष्म तडे शोधणे हे देखभालीचे पहिले काम ठरते. डोलकाठी मधल्या तुळईवर उभी असून तिचा सारा दाब त्याच जागी येतो. डोलकाठीस ताणून धरणाऱ्या पोलादी तारांचे टोकाचे भाग आतून गंजतात. म्हणून तारा सुस्थितीत दिसल्या, तरी साधारण दहा वर्षांनी बदलणे इष्ट मानतात. नांगराचा दोर दोन्ही धडांना फाटा देऊन बांधावा लागतो, नाहीतर नौका वाऱ्यात डोलत राहते. सर्वांत अधिक काळजी वजनाची. प्रशस्त जागा असल्याने सामान वाढत जाते, धडे खोल बसतात, लाटा मधल्या फलाटास खालून धडका देऊ लागतात आणि जोडनौकेचा वेगही नाहीसा होतो. एकाच धडाची नौका वारा वाढताच कलते व नावाड्यास इशारा देते. जोडनौका फारशी कलत नाही, म्हणून वाऱ्याचा वेग मोजून शीड वेळेआधी आखडावे लागते. उलटल्यास ती सहसा बुडत नाही, पण आपोआप सुलटही होत नाही. याकरिता अनेक नौकांच्या धडास सुटकेचे दार ठेवलेले असते.

बांधून केलेल्या जहाजाचा ताजा दाखला छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याशी निगडित आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात पूर्ण या शूर्पारकच्या (सोपाऱ्याच्या) व्यापाऱ्याच्या कथेत जहाज रंगविले आहे. तीन डोलकाठ्या, उंच शिडे, नाळेवर डोळा, पिछाडीस वल्ह्यासारखे सुकाणू आणि छपराखाली ओळीने मांडलेले घडे त्यात दिसतात. हे जहाज एका धडाचे आहे. त्याच्या सामग्रीची यादी चित्रावरून करता येते. फळ्या कशाने जोडल्या होत्या, ते मात्र कळत नाही. औरंगाबाद लेण्यांतील सातव्या लेण्यात आठ संकटांतून तारणारा अवलोकितेश्वर कोरला असून त्या संकटांत जहाजाचेही संकट आहे. समुद्र न दिसणाऱ्या या मुलखातील व्यापाऱ्यास फळीचा टाका तुटण्याची भीती अपरिचित नव्हती.

अजिंठ्याच्या चित्रांच्या आधारे ‘कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज बांधण्याचा करार संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल व गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्यात जुलै २०२३ मध्ये झाला. चित्रात नसलेली शिवण केरळातील कारागिरांच्या हातांतून आली. बाबू शंकरन हे त्यांचे प्रमुख होते. सु. २० मी. लांबीच्या या जहाजाच्या फळ्या काथ्याने शिवून राळेने बुजविल्या आहेत. त्यास चौकोनी शिडे व वल्ह्यासारखी सुकाणू आहेत. जुना आराखडा उपलब्ध नसल्याने प्रतिकृतीची चाचणी मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत घेण्यात आली. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते नौदलात दाखल झाले आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघून १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचले.