माळढोक आणि माळाचे धनी

पिंपळगाव रेणुकाईच्या मुलांना मिरचीचा बाजार ठाऊक. माळढोक मात्र चित्रातलाच. दख्खनच्या माळांवर मॅन्सफील्ड नावाच्या एकट्या शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ मध्ये अहमदनगर भागात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. तूट भरणार कशी?

१९७२ साली सोलापूरजवळ नान्नजला बी. एस. कुलकर्णींना हा पक्षी दिसला. १९७९ मध्ये अभयारण्य झाले, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे! त्यात गावे, शेते, सारेच आले. जमिनीवर बंधने आली नि शेतकऱ्याला पक्षीच नकोसा झाला. पुढे क्षेत्र घटवले, पण तोवर माळ बरेचसे नांगरले गेले होते. मला वाटते, मेंढपाळाला आधी विचारायला हवे होते. पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, गवताचा एखादा पट्टा न चारता राखणे त्याच्याच हाती असते.

आपल्या गावचे गायरान कधी नांगरले गेले, हे मुलांना आजोबांना विचारायला सांगा.